विवाहाचा कायदा कोणाच्या हातीं?

अमेरिकेंत विवाहाचे नियम करणें हें परंपरेनें एकेका संस्थानाचें काम. हें ऐकावयास सरळ दिसतें. पण १९५८ सालीं वॉशिंग्टन शहरीं रीतसर विवाह करून आलेल्या लव्हिंग दांपत्यास, पति गोरा व पत्नी कृष्णवर्णीय म्हणून, व्हर्जिनियानें गुन्हेगार ठरविलें आणि २५ वर्षें संस्थान सोडाल तरच कैद टळेल, असें बजाविलें! सीमा ओलांडतांच धर्मपत्नी गुन्ह्याची भागीदार व्हावी, हा कोणता न्याय? तो कायदा लोकांच्या प्रतिनिधींनींच केलेला होता. १९६७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो एकमतानें मोडला.

समलिंगी विवाह घटनादुरुस्तीनें रोखण्याचे २००४ व २००६ सालचे यत्न काँग्रेसमध्येंच फसले. २०१५ सालीं न्यायालयानें तो हक्क देशभर मान्य केला, तोहि पांच विरुद्ध चार मतांनीं. न्यायाधीशांनीं कायदे करूं नयेत, हा आक्षेप आम्ही हलका लेखीत नाहीं. तथापि वयाची अट व नोंदणी संस्थानांनीं खुशाल ठरवावी. हक्क नाकारलेल्यानें शेजाऱ्यांच्या बहुमताची वाट पाहावी, हें आम्हांस मान्य नाहीं. मात्र एका मताचा आधार तो कितीसा? म्हणूनच २०२२ सालीं काँग्रेसला कायदा करून, एका संस्थानांत झालेला विवाह वंश वा लिंग यांच्या सबबीवर दुसऱ्यानें नाकारूं नये, असें ठरवावें लागलें.