मॅनेज, असाइन, रिलीज... व्हाया वलगाव

तुमच्या सीव्हीत ‘मॅनेज्ड’ हा शब्द किती वेळा आलाय, मोजलंय कधी? माझ्या सीव्हीत सात वेळा आहे. ‘हॅण्डल्ड’ चार वेळा, ‘सुपरवाइज्ड’ दोनदा, ‘अ‍ॅलोकेटेड’ एकदा. दोन पानांत मी नुसता सांभाळतोय, बघतोय आणि वाटतोय! प्रत्यक्षात काय, तर हिंजवडीतलं एक क्युबिकल, आठ जणांची टीम आणि एक एक्सेल शीट.

त्या शीटनंच घोळ केला. डिसेंबरातल्या एका शुक्रवारी वरून मेल आला. टीममधल्या आठ नावांसमोर ‘रिटेन’ किंवा ‘रिलीज’ भरा, दोन रिलीज हवेत, सोमवारी सकाळी शीट पाठवा. रिलीज! जणू शुक्रवारी पिक्चर लागणार आहे. मी पंधरा मिनिटांत दोन नावं भरून टाकली. त्यातली एक मुलगी समोरच्याच खुर्चीत बसली होती आणि विचारत होती, ‘‘सर, चहा सांगू का?’’

रात्री अमरावतीची ट्रॅव्हल्स पकडली. मामांकडे वलगावला रोडग्यांचं जेवण होतं, ते आधीच ठरलेलं. बसमध्ये झोप लागेना. शीट उघडायची हिंमत नव्हती, म्हणून मोबाइलवर त्या इंग्रजी शब्दांचीच कुळं शोधत बसलो. बॉस, जाम मजेशीर प्रकरण निघालं!

वलगाव म्हणजे अमरावतीहून परतवाड्याकडे निघालं की लागणारं, पेढी नदीकाठचं गाव. आमचे मामा तिथल्या रेशनच्या दुकानात वीसेक वर्षं काट्यावर होते. पण तिकडे रेशनचं दुकान कोण म्हणतं? कंट्रोल! कंट्रोलचे गहू, कंट्रोलची साखर, ‘कंट्रोल उघडलं का गा?’ दुसऱ्या महायुद्धात धान्यावर सरकारी कंट्रोल आला, १९४३मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं. पुढे नियम बदलत गेले, नाव मात्र दुकानाला चिकटलं ते चिकटलंच.

‘‘मामा, कंट्रोल म्हणजे काय माहितीये?’’ मी जेवताना शायनिंग मारली. जुन्या फ्रेंचमध्ये ‘रोल’ म्हणजे हिशेबाची गुंडाळी आणि ‘कॉन्त्र’ म्हणजे समोरची. एका वहीतला हिशेब खरा की खोटा ते पडताळायला ठेवलेली दुसरी वही, ती कॉन्त्र-रोल. त्यातून आला कंट्रोल. म्हणजे मुळात हुकूम नव्हेच, तर जोडवही!

मामांना याचं काडीचं आश्चर्य वाटलं नाही. ‘‘मंग थेच तं करत होतो आमी. एक नोंद रजिस्टरात, एक कार्डावर. दोन्ही जुळाले पाह्यजे. अन् कार्ड बाईच्या हातात राहे. तिले वाचता नसे येत, पन तिचा पोरगा वाचे अन् संध्याकाळी भांडाले ये.’’

रोडगा मोडता मोडता माझा हात थांबला. माझ्या शीटची दुसरी वही कोणाकडे होती?

मामांच्या दुकानात आता ई-पॉस मशीन आहे. अंगठा लावायचा, पावती घ्यायची. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदयच्या कार्डाला महिन्याला ३५ किलो. जानेवारी २०२३पासून हे धान्य फुकट आहे. मामांची तक्रार एकच, पावतीवरची शाई काही दिवसांनी उडून जाते. कार्डावरची उडत नव्हती.

बाकीच्या शब्दांची कुळंही अशीच, पार हातापायांची. ‘मॅनेज’ आला इटालियन ‘मानेज्जारे’वरून, म्हणजे हातानं हाताळणं, त्यातही घोडं हाताळणं. आपण त्याचं काय केलं? ‘टेंडर मॅनेज झालं’, ‘साहेबाला मॅनेज केलं’. घोडं गेलं, हात तेवढा राहिला, तोही टेबलाखालून! ‘सुपरवाइज’ म्हणजे सरळसरळ वरून बघणं. ‘डिस्पेन्स’मध्ये लॅटिन तराजू आहे, तोलून तोलून देणं. म्हणजे मामांचा सीव्ही इंग्रजीत केला तर ते चक्क सीनियर डिस्पेन्सर! आणि काटा मारायचा नाही, ही त्यांची केपीआय.

पण मला सगळ्यात आवडला तो ‘अ‍ॅडमिनिस्टर’. त्याच्या पोटात ‘मिनिस्टर’ आहे आणि लॅटिनमध्ये मिनिस्टर म्हणजे नोकर, हाताखालचा माणूस. (कुठल्याही मंत्र्याला सांगून बघा!) आपल्याकडे पंगतीत वाढपी असतो ना, तसा. तोच खरा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. कोणाच्या पानात काय संपलंय हे त्याला वाकूनच बघावं लागतं आणि सगळे उठल्याशिवाय तो स्वतः बसत नाही.

‘असाइन’चा तर वऱ्हाडी माणसाला इतिहासच आहे. आपण टास्क असाइन करतो, इथे अख्खा मुलूख असाइन झाला होता. हैदराबादच्या निजामावर कण्टिंजण्ट फौजेच्या खर्चाचं देणं चढलं आणि १८५३च्या तहानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. पुढे त्याचं सरकारी नावच ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ होतं. मालक निजाम, कारभारी इंग्रज, शेतसारा भरणारे आपले पणजोबा. १९०२मध्ये नवा करार झाला, निजामाला वर्षाला २५ लाख रुपये आणि मुलूख कायमच्या पट्ट्यानं इंग्रजांकडे. इथल्या कापूस पिकवणाऱ्याला कोणी विचारलं होतं का, की बाबा, तुला असाइन करतोय, चालेल ना? त्या यादीतही कारणाचा कॉलम नसणार.

संध्याकाळी मामा पेढीच्या पुलाकडे घेऊन गेले. २० डिसेंबर १९५६ला गाडगेबाबांना अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ, या नदीच्या पुलावर त्यांनी देह ठेवला. आंबेडकरांना जाऊन तेव्हा जेमतेम दोन आठवडे झाले होते.

आता आपल्या सीव्हीच्या भाषेत बाबांचं काम लिहून बघा. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथल्या धर्मशाळा. मुंबईत जे. जे. हॉस्पिटलजवळ पेशण्टच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा. आंधळ्या-पांगळ्यांना अन्नदान, शाळा, गोशाळा. हे सगळं उभं करणारा माणूस शाळेची पायरी न चढलेला, अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि गाडगं. गावात आले की आधी गाव झाडायचं, मग रात्री कीर्तन. लाखोंच्या देणग्यांतलं स्वतःसाठी काही ठेवलं नाही, घरच्यांनाही संस्थांपासून लांब ठेवलं. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९मध्ये आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. सगळ्याचा कारभार पाहायला १९५२मध्ये मिशन स्थापन झालं.

मला बाबांना ‘मॅनेजमेण्ट गुरू’ वगैरे करायचं नाहीये. ती हौस आपण मुंबईच्या डबेवाल्यांवर पुरेशी भागवून घेतलीय. मला फक्त तो खराटा दिसत होता. सुपरवाइज म्हणजे वरून बघणं, हे त्या माणसाला समजावून सांगायचं तरी कसं?

‘‘बाबू, सकाळपासून पाहून राह्यलो, तुयं जेवनात लक्ष नव्हतं,’’ मामा म्हणाले. ‘‘काय झालं?’’

सांगितलं. शीट, दोन नावं, पंधरा मिनिटं. मामा गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘कोटा आला नाही तं आमी कंट्रोल बंद ठेवून घरी नव्हतो बसत. दुकान उघडून सांगाले लागे, की यंदा साखर नाही. शिव्या खाव्या लागे. पन तोंडानं सांगाले लागे.’’

‘‘कोटा मी नाही ना ठरवला, मामा.’’

‘‘मी तरी कुठं ठरवत होतो?’’

सोमवारी शीट गेल्यावर त्या दोघांना एचआरचा मेल जाणार होता. तोवर कोणाशी काही बोलू नका, असंही शुक्रवारच्या मेलमध्ये लिहिलं होतं. ठळक अक्षरांत.

पुलाच्या कडेला उभं राहून मी तिला फोन लावला. दोन रिंगमध्ये उचलला तिनं. मी सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं, रेंज गेली.

‘‘कारण काय लिहिलंय सर?’’

‘‘कारणाचा कॉलम नाहीये.’’

‘‘मग तुम्ही सांगा ना.’’

मागून परतवाड्याची एसटी गेली. तिचा आवाज विरेपर्यंत मला एकही इंग्रजी शब्द सुचला नाही. मग जे होतं ते मराठीत सांगायला लागलो. तिच्या कामात खोट नव्हती. तिचा प्रोजेक्ट मार्चमध्ये संपत होता, दुसरा मिळेल का हे मी कोणाला विचारलंच नव्हतं. ते उद्या सकाळी विचारतो म्हणालो, होईलच असं नाही, हेही म्हणालो. ती चिडली, थोडी रडली, मग चिडली. बावीस मिनिटं.

मामा कठड्याला टेकून नदीकडे बघत उभे होते. मी फोन खिशात टाकायला लागलो, तसे म्हणाले, ‘‘दोन नावं होती ना?’’

मी दुसरा नंबर शोधायला लागलो.