बेताचा वारा, बारा फुटी फळी

विंडसर्फिंगचं जाहिरातीतलं चित्र बहुतेक वेळा हवाईचं असतं. माऊई बेटावरचा घोंगावणारा वारा, घराएवढ्या लाटा आणि लाटेच्या माथ्यावरून शिडासकट हवेत उडालेला एखादा जवान. चित्र खोटं नाही, पण बहुतेकांना जे पाणी आणि जो वारा मिळतो त्याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. तलाव, धरणांचे जलाशय, खाड्या, बंदराच्या आतलं पाणी अशा ठिकाणी वर्षातले कितीतरी दिवस पाच ते दहा नॉटचा, म्हणजे ताशी नऊ ते अठरा किलोमीटरच्या आसपासचा वारा वाहतो. झाडाची पानं सळसळतात, हलका झेंडा फडकतो, पाण्यावर फेस क्वचितच दिसतो. एवढ्या वाऱ्यात जाहिरातीतली आखूड फळी माणसाला जेमतेम तोलून धरते आणि रेंगाळत राहते. बारा फूट लांबीची, पोटातून खाली सरकणारं पातं असलेली जुन्या घडणीची फळी मात्र याच वाऱ्यात मजेत चालते. या फळीकडे शिकाऊ लोकांची पहिली पायरी किंवा म्हाताऱ्यांचा हळवेपणा म्हणून पाहण्याची रीत पडली आहे. ती चुकीची आहे. रोज मिळणाऱ्या वाऱ्याला या खेळाने दिलेलं सर्वांत नेमकं उत्तर म्हणजे ही फळी, आणि तिचा आनंद वादळी वाऱ्यातल्या आनंदाची पातळ केलेली आवृत्ती नव्हे. त्याची जातच वेगळी आहे.

मुळात हा खेळ वादळी वाऱ्यात जन्मलेला नाही. १९६४ साली अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात न्यूमन डार्बी यांनी सस्क्वेहॅना नदीवर फळीला शीड जोडून पाहिलं आणि पुढच्या वर्षी ‘पॉप्युलर सायन्स’ मासिकात त्याबद्दल लिहिलं. त्यांचं शीड पतंगाच्या आकाराचं होतं आणि चालवणारा त्याला पाठ टेकून उभा राही. खरी किमया घडली १९६७ साली दक्षिण कॅलिफोर्नियात. जिम ड्रेक हे विमानविद्येतले अभियंते आणि हॉइल श्वाइट्झर हे लाटांवर खेळणारे उद्योजक. त्यांनी डोलकाठी फळीत घट्ट रोवली नाही. तिच्या बुडाशी सर्व दिशांना झुकणारा सांधा बसवला आणि शिडाला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारा बूम, म्हणजे हातांनी धरायचा आडवा दांडा, दिला. पहिली चाचणी झाली ती मरीना डेल रे बंदराच्या आतल्या पाण्यात. १९७० मध्ये पेटंट मिळालं, नेदरलँड्समध्ये टेन काटे या कापड-उद्योगातल्या कंपनीने परवाना घेऊन फळ्या बनवायला सुरुवात केली, आणि युरोपातल्या तळ्याकाठच्या गावांना या खेळाचं वेड लागलं. त्या पेटंटवरून पुढे कोर्टकज्जे एवढे झाले की १९८५ चा इंग्लंडमधला निवाडा पेटंट कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही अभ्यासावा लागतो. त्या खटल्यात पीटर चिल्व्हर्स यांचा दाखला पुढे आला. १९५८ मध्ये, बारा वर्षांचे असताना, त्यांनी इंग्लंडच्या हेलिंग बेटावर असंच काहीसं बनवून चालवलं होतं. शोध कुणाचाही म्हणा. तो नदीचा, बंदराचा आणि शाळकरी पोराच्या समुद्राचा होता.

मग ऐंशीच्या दशकात चित्र पालटलं. हवाईतल्या खेळाडूंनी फळ्या कापून आखूड केल्या, पातं काढून टाकलं, पाय अडकवायला पट्टे लावले. जोराच्या वाऱ्यात या फळ्या पाण्याच्या पृष्ठभागावर उचलल्या जाऊन सुसाट पळतात. त्याला प्लेनिंग म्हणतात. हा अनुभव विलक्षण असतो, यात शंका नाही. अडचण हिशेबाची आहे. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: सोळा नॉटचा वारा आठ नॉटच्या वाऱ्याच्या दुप्पट नव्हे, चौपट जोर लावतो. साडेपाच-पावणेसहा चौरस मीटरच्या शिडावर आठ नॉटला ढोबळमानाने सहा किलोचा ओढा येतो, सोळाला चोवीस किलोचा. म्हणजे सहा किलोच्या ओढ्यात मजा देणारी फळी आणि चोवीस किलोशिवाय जागी न होणारी फळी ही दोन वेगळी साधनं आहेत. उद्योगाने आपलं सगळं कसब दुसरीवर लावलं. वारा थोडा कमी झाला की मोठं शीड, त्याला लांब डोलकाठी, त्याला रुंद फळी, असा साहित्याचा संसार वाढत गेला आणि तरीही माणूस किनाऱ्यावर बसून झाडांच्या शेंड्यांकडे बघत राहिला. रोजच्या वरणभाताचं प्रमाण लग्नाच्या पंगतीच्या आचाऱ्याला विचारावं, तसं हे झालं.

लांब फळी कमी वाऱ्यात का चालते, यामागे दोन साधी कारणं आहेत. पाण्याला कापत जाणारी कुठलीही होडी आपल्यापुढे एक लाट उभी करते आणि त्या लाटेला अडखळते. ही लाट किती वेगाने पळणार हे होडीच्या लांबीवर ठरतं, म्हणून जितकी लांबी जास्त तितका अडखळण्यापूर्वीचा वेग जास्त. जहाजबांधणीतल्या ढोबळ नियमाने बारा फुटांना सुमारे साडेचार नॉटपर्यंत मोकळीक मिळते, आठ फुटांना पावणेचारपर्यंत. फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण आखूड फळी रुंद आणि बोथट असते, तिची शेपटी पाण्यात रुतून मागे भोवरे ओढते. लांब, निमुळती फळी तेच पाणी गाजावाजा न करता बाजूला सारते. दुसरं कारण पात्याचं, ज्याला डॅगरबोर्ड म्हणतात. शिडावर वारा तिरका येतो तेव्हा तो फळीला पुढे ढकलतो तसाच बाजूलाही ढकलतो. वेगात असलेल्या आखूड फळीला मागचा छोटा फिन सावरून धरतो. संथ चालीत त्या फिनमध्ये तेवढा दमच नसतो, आणि माणूस वाऱ्यासोबत घरंगळत खाली जातो. मग फळी डोक्यावर घेऊन किनाऱ्याने परत चालत येणं नशिबी येतं. पोटातून अर्धा मीटर खाली उतरणारं पातं सावकाश चालीतही पाण्याला पकड देतं, त्यामुळे वाऱ्याच्या दिशेकडे तिरकं तिरकं चढत जाता येतं. निघालो तिथे परत येता येणं ही नौकानयनाची पहिली अट, आणि बेताच्या वाऱ्यात ती पातं असलेली फळीच पाळते.

आता आनंदाकडे. या होडीला सुकाणू नाही. शीड पुढे झुकवलं की नाक वाऱ्यापासून वळतं, मागे झुकवलं की वाऱ्याकडे वळतं. हात, कंबर आणि तळपाय हेच सुकाणू. जोराच्या वाऱ्यात ही क्रिया इतकी झटपट आणि ताकदीची होते की माणूस तग धरण्यात गुंतलेला असतो. मंद वाऱ्यात तीच क्रिया उलगडून समोर येते. बूम दोन बोटांनी धरता येतो, शिडात वारा भरल्याचं कळतं, त्याच्या कडेची थरथर कळते, पाऊल चार इंच मागे गेलं तर शेपटी बुडून मागे होणारा बुडबुड्यांचा आवाज कळतो. पाण्यावर काळसर सुरकुत्यांचा पट्टा सरकत येताना दिसतो. ती येणारी झुळूक. ती गाठायची की तिची वाट बघायची, हा निर्णय मिनिटभर आधी घ्यावा लागतो. वारा आठ-दहा नॉटला टेकला की पातं आपली करामत दाखवतं: पाण्याच्या दाबाने फळीची वाऱ्याकडची कड वर उचलली जाते, दुसरी कड पाण्यात सुरीसारखी चालते आणि माणूस त्या उचललेल्या कडेवर उभा राहून वाऱ्याच्या तोंडावर चढत जातो. रोमांचासाठी वादळच लागतं असं म्हणणाऱ्याने हा प्रकार एकदा नीट पाहावा.

खेळकरपणाचं अंगही असंच. लांब फळीच्या नाकावर माणूस उभा राहिला तरी ते बुडत नाही, म्हणून डोलकाठीला वळसा घालून दिशा बदलायची हालचाल सावकाश, जवळजवळ नाचासारखी करता येते. सत्तरच्या दशकातल्या पोरांनी यातूनच करामती काढल्या: शिडाला पाठ लावून चालणं, शीड डोक्यावरून गरागरा फिरवणं, फळी कडेवर उभी करून तिच्या धारेवर उभं राहणं. यातलं पुष्कळसं गुडघाभर पाण्यापलीकडच्या शांत पट्ट्यात, पडलं तर हसू येईल अशा वेगाने शिकता येतं. शिवाय लांब फळीवर कुठेतरी जाता येतं. आखूड फळी बहुधा एकाच पट्ट्यात येरझाऱ्या घालते. लांब फळी प्रवासाची आहे. क्रिस्तियां मार्ती हे एअर फ्रान्सचे वैमानिक सेनेगलमधल्या डाकारहून शीड-फळीवर निघाले आणि १९८२ मध्ये फ्रेंच गयानातल्या कुरूला पोचले, मधला अटलांटिक ओलांडून. (हेच मार्ती २००० साली पॅरिसजवळ कोसळलेल्या कॉन्कॉर्डचे कप्तान होते.) तेवढी हौस कुणी करू नये, पण तलावाच्या पलीकडच्या काठावर जाऊन येणं हाही प्रवासच.

पहिला आक्षेप ठरलेला असतो: हे सगळं संथ आहे, खेळ कसला, फेरफटका झाला. याला शर्यतींचा इतिहास उत्तर देतो. १९७६ साली बहामात झालेल्या विंडसर्फर वर्गाच्या, म्हणजे एकाच घडणीच्या लांब फळ्यांच्या, जागतिक स्पर्धेत रॉबी नेश जिंकला तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. पुढे तो जोराच्या वाऱ्याचा बादशहा झाला खरा, पण पाया या फळीवर घातला गेला. सगळ्यांची फळी आणि शीड एकसारखं असलं की जिंकतो तो वारा वाचणारा. अंगकाठीचा फायदा-तोटा होतोच, म्हणून त्या वर्गाने वजनाचे गट पाडले होते. ऑलिंपिकमध्ये १९८४ ते २००४ या सहाही वेळा शर्यती पातं असलेल्या लांब फळ्यांवर झाल्या. हाँगकाँगचं पहिलंवहिलं ऑलिंपिक पदक, १९९६ मधलं ली लाइ-शानचं सुवर्ण, आणि इस्राएलचं पहिलं सुवर्ण, २००४ मधलं गाल फ्रीडमनचं, ही दोन्ही मिस्त्राल नावाच्या लांब फळीवरची. त्या काळात शीड हलवून वारा ‘उपसायला’ मुभा होती, त्यामुळे पडलेल्या वाऱ्यातली शर्यत छाती फुटेपर्यंत दमवणारी असे. आरामाचा खेळ हवा असेल तर तसा मिळतो. घाम गाळायचा असेल तर तीही सोय आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आता हायड्रोफॉइल आलं: फळीखाली मीटरभर दांड्यावर पंख, जे वेग येताच फळीला पाण्याबाहेर उचलून धरतात. सात-आठ नॉटच्या वाऱ्यातही कसलेले खेळाडू उडतात. मग जुन्या लांब फळीचं काय काम? काम आहे, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकनेच ते दाखवलं. मार्सेयच्या समुद्रावरच्या विंडसर्फिंगच्या अंतिम फेऱ्या २ ऑगस्टला ठरल्या होत्या. वाऱ्याअभावी त्या ३ ऑगस्टवर ढकलाव्या लागल्या. जगातले सर्वोत्तम फॉइलपटू, भलीमोठी शिडं, आणि तरी वाट बघणं चुकलं नाही. फॉइलला उडायचा किंवा न उडायचा असा उंबरठा आहे. लांब फळीला तसा नाही, ती वाऱ्याच्या प्रत्येक पायरीवर काहीतरी देत राहते. फॉइलला खोल पाणी लागतं, गवत आणि जाळी त्याला अडकतात, पडलं तर पंखाची धार जवळ असते. फॉइल हे नवं, सुंदर यंत्र आहे, पण ते आखूड फळीच्या वंशातलं: वेग हीच त्याची भाषा.

राहिला हळवेपणाचा आरोप. जुन्या फळ्या अठरा-वीस किलोच्या, उचलताना पाठ धरणाऱ्या होत्या हे मान्य. पण साधारण २०१८ पासून तीच आकृती नव्या पद्धतीने बनते: विंडसर्फर एलटी, तीच बारा फुटी लांबी, सव्वादोनशे लिटरच्या घरातला फुगवटा, वजन सुमारे पंधरा किलो, एकच ५.७ चौरस मीटरचं शीड. आठवणींवर एवढा धंदा चालत नाही. एक फळी आणि एक शीड एवढ्यात बहुतेक दिवस भागतं, आणि घरातली नववीतली मुलगी आणि तिचे साठीचे आजोबा तीच फळी आलटून पालटून वापरू शकतात; खपाचं कारण त्यात आहे. लांबी गैरसोयीची आहे, हे मात्र खरंच. बारा फुटी फळी लिफ्टमध्ये मावत नाही आणि शहरातल्या फ्लॅटमध्ये तर अजिबात नाही. ती क्लबात किंवा किनाऱ्यावरच्या शेडमध्येच राहणार. म्हणून हा खेळ मालकीपेक्षा सामायिक साहित्यावर चांगला पोसतो.

आपल्याकडे हा विचार अधिकच लागू पडतो. भारतात विंडसर्फिंग स्पर्धेच्या रूपाने ओळखलं जातं. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ साली इबाद अली यांनी आरएस:एक्स नावाच्या फळीवर कांस्य मिळवलं. हौशी माणसासाठी मात्र वाऱ्याचं गणित निराळं आहे. पावसाळ्यात जोराचा वारा असतो तेव्हा समुद्र उतरण्याजोगा नसतो. उरलेल्या महिन्यांत कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर दुपारी समुद्रावरून येणारे खारे वारे आणि पहाटे जमिनीवरून सुटणारे मतलई वारे, दोन्ही बहुधा बेताचे. आखूड फळी घेऊन या किनाऱ्यावर बसणाऱ्याचा हिवाळा वाट बघण्यात जाईल. तेव्हा शिकायला जाल तिथे फळी निवडताना वेगाची नव्हे, पात्याची चौकशी करा. दोनशे लिटरच्या वरची आणि डॅगरबोर्ड असलेली फळी मागा, शीड लहान घ्या. लाइफ जॅकेट घाला. आणि मतलई वाऱ्यात एकट्याने उतरू नका: किनाऱ्याच्या आडोशाला तो नाजूक वाटतो, पण आत जाल तसा वाढतो आणि त्याची दिशा घरापासून दूर नेणारी असते. सुरुवात खाऱ्या वाऱ्यात करा, दुपारी तीनच्या सुमाराला, कुणीतरी काठावर असताना.