मुलगा लग्नाला 'नाही' म्हणतो तेव्हा

साप्ताहिक हाती आले की पुष्कळ घरांत आधी उपवर-उपवधूंचे पान उघडले जाते. मुलगा बौद्ध, पदवीधर, निर्व्यसनी, हुंडा नको, विवाह बौद्ध पद्धतीने. गेल्या अशोक विजयादशमीच्या आधी अल्लीपूरच्या एका घरी अशीच एक जाहिरात लिहून तयार होती. मी त्या घरची नात्याने आत्या. अक्षर बरे म्हणून असली कामे माझ्याकडेच येतात, तेव्हा मजकूरही माझाच होता. ती जाहिरात पाठवली गेली नाही. का गेली नाही, हे त्या मुलाला विचारूनच लिहीत आहे. नाव मात्र कोणी विचारू नये.

अल्लीपूर हे हिंगणघाट तालुक्यातले, कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यातले गाव. या घरी तीन पिढ्या आहेत. आबाजी १९५६ साली दहा वर्षांचे होते. वडिलांचे बोट धरून ते नागपूरला दीक्षाभूमीवर गेले होते. पुढे हिंगणघाटला गिरणीत कामाला लागले. त्यांचा मुलगा जिनिंगमध्ये फिटर. नातू डिप्लोमा करून पुण्याकडे कारखान्यात लागला, आता सव्वीस वर्षांचा आहे.

सुट्टीत आलेल्या नातवाने जाहिरातीचा कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाला, "हे नका पाठवू." आईला वाटले, पोराने तिकडे कोणी पाहून ठेवली. ती म्हणाली, "दुसऱ्या जातीची असली तरी चालन रे. आपल्या घरी कोणी नाई म्हणत नाई." तो म्हणाला, "पोरगीच नाई, आई." समजायला तिला थोडा वेळ लागला. त्याने मग स्पष्टच सांगितले, की त्याचे मन मुलांकडे जाते, शाळेत असल्यापासून. पुण्याला ज्याच्यासोबत खोली घेऊन राहतो, तो नुसता रूमपार्टनर नाही.

वडील उठून अंगणात गेले. दुसऱ्या दिवशी एवढेच म्हणाले, "तिकडं काय कराचं ते कर. गावात काढू नको." आबाजी मात्र गप्प बसणारे नव्हेत. "आपल्यात असं राहत नाई," ते म्हणाले. "हे मोठ्या लोकाइचे चाळे."

आपल्यात असे नसते, हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. पण आबाजींना आणि मला, दोघांनाही ठाऊक असलेली एक गोष्ट आहे. आमच्या नात्यातल्या एका बाईचे लग्न सत्तरच्या दशकात झाले. नवरा कष्टाळू होता, दारू शिवत नव्हता, हात उगारत नव्हता. फक्त तो तीस वर्षे शेतातल्या खोपडीत झोपला. सोबतीला त्याचा एक मित्र असे. सगळ्या मोहल्ल्याला समजत होते आणि कोणी एक शब्द बोलत नव्हते. मूल झाले नाही, तेव्हा वांझ कोणाला म्हटले? तिलाच. बारशाला तिला मागे बसवत. म्हातारपणी एकदा ती माझ्याजवळ म्हणाली, की त्या माणसाचा मला राग नाही, त्यालाही कोणी विचारले नव्हते. ज्यांनी माहीत असून माझे लग्न लावले त्यांचा राग आहे. जाहिरातीत "मुलगी सुशील, गृहकृत्यदक्ष हवी" असे मी लिहिले होते. म्हणजे मी तशीच आणखी एक बाई शोधायला निघाले होते.

आबाजींच्या पिढीकडे या गोष्टीला शब्द नव्हता. जो होता तो शिवी होती, 'बायल्या'. शब्द नसला की माणूस नाही असे मानता येते आणि लग्न लावून टाकता येते. नातवाच्या पिढीने शब्द मिळवला. समलिंगी म्हणा, गे म्हणा, तो सरळ म्हणतो. भांडण वरवर लग्नाचे दिसते, पण खरे ते या शब्दाचे आहे. उच्चारायचा की नाही?

नातवाने आबाजींना फोनवर एक मजकूर दाखवला. बाबासाहेबांनी १९३४ साली मुंबई हायकोर्टात एक खटला चालवला, त्याची ती हकीकत होती. आबाजी भडकले. "बाबासाहेबाचं नाव यात आणू नको." त्यावर दोन दिवस घरात अबोला होता. मला ही हकीकत ठाऊक नव्हती. आपल्यापैकी बहुतेकांना नसावी, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

रघुनाथ धोंडो कर्वे हे महर्षी कर्व्यांचे चिरंजीव. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी या कामापायी १९२५ मध्ये गेली. १९२७ च्या जुलैपासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवले. लोकांनी लाजेकाजेस्तव कुठे न विचारलेले प्रश्न विचारावेत आणि कर्व्यांनी सरळ भाषेत उत्तरे द्यावीत, हा मासिकाचा एक भाग होता. सनातन्यांना ते सहन झाले नाही. एका लेखावरून १९३१ मध्ये त्यांना शंभर रुपये दंड झालाच होता. पुन्हा खटला झाला तो वाचकांच्या प्रश्नोत्तरांवरून. त्या प्रश्नांत हस्तमैथुनाचा विषय होता, तसाच समलिंगी संबंधांचाही. आरोप अश्लीलतेचा. कर्व्यांचे वकीलपत्र घेतले बॅरिस्टर भीमराव आंबेडकरांनी.

तो काळ आठवावा. महाडचा सत्याग्रह होऊन सात वर्षे झाली होती, पुणे कराराला दोनही झाली नव्हती. बाबासाहेबांवर सर्व बाजूंनी टीका सुरू होती. बदनामीला निमित्त होईल असा खटला हातात घेण्याचे त्यांना काहीच कारण नव्हते. तरी ते उभे राहिले. या खटल्याच्या हकीकतीत त्यांचा युक्तिवाद सांगितला जातो तो असा. मासिकाचा विषयच लैंगिक ज्ञान असेल, तर वाचकाच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे नाही का? लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे अश्लील झाले, असे म्हणता येणार नाही. सरकारपक्षाचे म्हणणे पडले, की असले विकृत प्रश्न छापावेतच कशाला. बाबासाहेबांचे उत्तर असे, की विकृती असेलच तर ती ज्ञानाने जाईल, तोंड दाबून नाही. आणि हॅवलॉक एलिस या इंग्रज संशोधकाच्या ग्रंथांचा आधार घेऊन त्यांनी असेही मांडले, की काहींच्या ठायी हा कल जन्मतःच असतो, त्यात त्यांचा दोष धरण्याचे कारण नाही. कोर्टाला ते पटले नाही. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

आबाजींनी यावर काढलेला मुद्दा मला बिनतोड वाटला होता. "वकील कोणाची बी केस लढते. चोराची बी लढते. म्हणून तो चोर होते काय?" खरे आहे, वकीलपत्रावरून मत ठरत नाही. पण चोराचा वकील चोरी झालीच नाही म्हणतो. चोरी करणाऱ्याचा दोष नाही असे म्हणत नाही. इथे बाबासाहेबांना "लेखनात दोष असेल तर सौम्य शिक्षा व्हावी" एवढे म्हणून भागले असते. त्यांनी विषयालाच हात घातला.

वडिलांच्या गप्प बसण्याकडे मी आधी भ्याडपणा म्हणून पाहिले. नंतर लक्षात आले, की त्या भीतीला आधार होता. इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत घातलेले ३७७ कलम जन्मठेपेपर्यंतची शिक्षा सांगत होते. दिल्ली हायकोर्टाने २ जुलै २००९ रोजी ते सज्ञान माणसांच्या राजीखुशीच्या संबंधांपुरते रद्द केले. सुप्रीम कोर्टाने ११ डिसेंबर २०१३ रोजी ते पुन्हा लागू केले. त्या निकालात एक कारण असे दिले होते, की हे लोक अगदी मूठभर आहेत. अल्पसंख्य आहेत म्हणून हक्क कशाला, ही भाषा आपल्याला ओळखीची वाटायला हवी. शेवटी ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींनी एकमताने तो गुन्हा पुसला. तेव्हा हा मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा होता, नागपूरला शिकत होता. वडिलांच्या उमेदीची सगळी वर्षे मात्र ते कलम डोक्यावर असताना गेली. पोलीस, ब्लॅकमेल, नोकरी जाणे, हे त्यांनी वर्तमानपत्रात वाचलेले होते. कलम गेले म्हणून भीती त्याच तारखेला जात नाही.

त्या २०१८ च्या खटल्यातही दोन पिढ्या होत्या. मुंबईचे पत्रकार अशोक राव कवी, जन्म १९४७ चा. समलिंगी असल्याचे त्यांनी १९८६ मध्ये एका मासिकात नावानिशी सांगितले, १९९० मध्ये 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक काढले, १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट उभा केला. ते कोर्टात होते. आणि आयआयटीचे वीस आजी-माजी विद्यार्थीही अर्ज घेऊन आले होते, काही जण अगदी तरुण होते. पहिल्या पिढीचे निम्मे आयुष्य टोपणनावात गेले. शिवाय त्यांचा कारभार बराचसा इंग्रजीतला, मुंबईचा. मराठीत ही गोष्ट पुण्याच्या बिंदुमाधव खिरे यांनी २००२ पासून समपथिक ट्रस्टमार्फत आणि पुस्तकांतून मांडली. आपल्या जवळचे म्हणाल तर नागपूरला सारथी ट्रस्ट आहे, आणि २०१६ साली नागपुरात पहिला प्राइड मोर्चा निघाला. नातू तेव्हा शाळेत होता. गावातल्या कोणाला तरी तो टीव्हीवर दिसला आणि पारावर दोन दिवस हसणे चालले. तो त्या हसण्यात सामील झाला होता. हे त्याने मला सांगितले तेव्हा त्याला रडू आले.

दोन्ही कोर्टांनी, २००९ मध्ये आणि २०१८ मध्ये, कोणाचा आधार घेतला हे आबाजींना सांगितले पाहिजे होते आणि मी ते सांगितले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी संविधानिक नीतीची गोष्ट मांडली होती. ती माणसात उपजत नसते, रुजवावी लागते, असा त्यांचा आशय होता. समाजाला जे नीतीचे वाटते ते एक आणि संविधानाची नीती दुसरी, हा फरक धरून न्यायमूर्तींनी निकाल दिले. आबाजी ऐकत होते. एकदम म्हणाले, "मंग तिसऱ्या शीलाचं काय?" विहारात दर पौर्णिमेला पंचशील म्हणणाऱ्या माणसाने हे विचारावे हे योग्यच होते. मी पंडिता नाही. मला समजते ते एवढेच, की ते शील दुसऱ्याला फसवण्यापासून, दुखावण्यापासून अडवते. मी त्यांना विचारले, आपल्या त्या खोपडीतल्या माणसाच्या बायकोला कोणी फसवले? ते उठून पाणी प्यायला गेले.

आपल्या पोरांवर एक ओझे जास्तीचे आहे. नातू म्हणतो, पुण्याच्या त्या मंडळींत आडनाव विचारले जाते आणि मग सूर बदलतो. इकडे मोहल्ल्यात दुसरे कारण. दिल्लीच्या २०१५ च्या प्राइडमध्ये काही दलित तरुणांनी आपली जात आणि आपला कल दोन्ही उघड सांगितले, तेव्हा "इथे जात कशाला आणता" असे ऐकवणारे होतेच. हे वाक्यही आपल्या ओळखीचे.

आईला डॉक्टरकडे न्यायचे होते. एका शहरातल्या एका डॉक्टराने "सहा महिन्यांत लाइनीवर आणतो" असे सांगितलेही. अशा आईबापांनी जाणून घ्यावे, की जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच हा आजार नाही असे ठरवून यादीतून काढले. पोराचा कल 'बदलून देणे' हे २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डॉक्टराचे गैरवर्तन ठरवले आहे. तेवढे पैसे पोराच्या भाड्याला द्यावेत.

लग्न मात्र कायद्यात नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सुप्रीम कोर्टाने ते संसदेवर सोडले, आणि फेरविचाराचे अर्ज जानेवारी २०२५ मध्ये फेटाळले गेले. जोडीदारासोबत बँकेत संयुक्त खाते काढता येते आणि त्या खात्यासाठी त्याला नॉमिनी म्हणून नेमता येते, हे केंद्राने २०२४ मध्ये स्पष्ट केले. रेशनकार्डासाठी दोघांना एका घरातले धरावे, असेही राज्यांना कळवले. जुन्या पिढीचे कार्यकर्ते तुरुंग टळला म्हणून सुस्कारा टाकतात, नवी पोरे रेशनकार्डावर नाव मागतात. मला दुसरी मागणी जास्त आपली वाटते.

गेल्या महिन्यात देवळीकडून या मुलासाठी एक स्थळ आले. पाहुणे ओट्यावर बसले, चहा झाला. वडिलांनी "पोराचा विचार नाई सध्या" एवढे सांगून त्यांना वाटेला लावले. पाहुणे गेल्यावर आबाजी मला म्हणाले, "मले अजून पटलं नाई, सांगून ठेवतो. पण कोणाच्या पोरीले फसवाचं नाई, एवढं पटलं." जाहिरातीचा कागद माझ्याच पिशवीत आहे. आईने बुद्धपौर्णिमेला पोराला बोलावले आहे, आणि सोबतचा तो पोरगा तिखट खातो का, हे मला फोन करून विचारायला सांगितले आहे.