इंग्रजी नाव, चाकणचा कारखाना

लोहाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या रस्त्यावर बुलेटचा ठोका ऐकू आला की कुणाला इंग्लंड आठवत नाही, आणि ते रास्तच आहे. इंग्लंडमधल्या रेडिचच्या रॉयल एनफिल्ड कंपनीच्या या गाडीची जुळणी १९५५ साली मद्रासला सुरू झाली. पुढे मूळ कंपनी बंद पडली आणि गाडी आपलीच झाली. आता तोच प्रकार पुन्हा घडतो आहे. महिंद्र समूहातल्या क्लासिक लिजंड्सने २०१६ मध्ये बीएसए ही ब्रिटिश कंपनी विकत घेतली, तर ब्रिटिशच असलेल्या ट्रायम्फची स्पीड ४०० पुण्याजवळ चाकणला बजाज बनवते. शौकिनांचा आक्षेप असा की हा नुसता नावाचा बाजार आहे. खरी ब्रिटिश गाडी हाताने घडायची.

आक्षेप अर्धाच खरा. त्या काळातल्या सर्वांत ऐटबाज गाडीचे, नॉटिंगहॅमच्या ब्रॉ सुपीरियरचेच पाहा. १९१९ ते १९४० दरम्यान अशा जेमतेम तीन हजार गाड्या बनल्या. त्यांतली ‘एसएस १००’ ताशी १०० मैल, म्हणजे सुमारे १६० किलोमीटर वेग गाठेल, अशी कंपनी हमी देई. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेले ब्रिटिश अधिकारी १९३५ मध्ये याच गाडीच्या अपघातात गेले. तिचा दिमाख मात्र उतरला नाही. पण इंजिन? ते जॅप किंवा मॅचलेसचे, बाहेरून आणलेले! कंपनीचे कर्ते जॉर्ज ब्रॉ यांची करामत निवडीत, जुळणीत आणि तपासणीत होती. सुटे भाग कुठले, यावर तेव्हाही अस्सलपणा ठरत नव्हता; गाडी कशी जोडली, यावर ठरत होता. म्हणून चाकणच्या गाडीला जन्मगाव विचारण्यापेक्षा, वीस वर्षांनी तालुक्याच्या गावातला मिस्त्री ती खोलून पुन्हा जोडू शकेल का, हे घेण्याआधी जरूर विचारा.