लेकरू पाय टेकवत नसेल तर



उसाच्या शेंड्यात अळी शिरून कोंब मेला, की मग कितीही युरिया टाका, तो ऊस उंच होत नाही. आम्ही काही डॉक्टर नव्हे. पण लेकरांच्या हाडाचेही असेच आहे. हाडाच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते. जखमेतले जंतू रक्तावाटे तिच्याजवळ, पुष्कळदा गुडघ्याच्या आसपास, ठाण मांडतात. पू होऊन कूर्चा नासली, तर पाय आखूड राहतो वा वाकडा वाढतो. लेकरू जितके लहान, तितका पुढे फरक मोठा.

ताप आहे, पाय टेकवत नाही, हात लावू देत नाही, तर लचक समजून चोळत बसू नका. त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा. सक्करदऱ्याजवळ १९४७ सालापासूनचे शासकीय ‘मेडिकल’ आहेच. वेळेत औषध मिळाले तर बहुतेक मुले बरी होतात. औषध काही आठवडे चालते. ताप उतरला म्हणून मध्येच सोडू नये. पुढेही अधूनमधून दोन्ही पाय मोजून घ्यावेत.

तोडणीच्या टोळीतल्या लेकरांकडेही लक्ष असू द्या. त्यांच्या मायबापाला खाडा परवडत नाही. अशा वेळी गाडी आपणच काढावी, ही आमची विनंती.