चाकावरचे घर आणि खिशातली साखर

आम्ही दोघे नवरा-बायको नागपूरच्या एका वस्तीत वाढलो आणि नोकरीच्या निमित्ताने अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात येऊन राहिलो. एकाने मोटारींच्या कारखान्यात यंत्रांची देखभाल केली, एकीने ३० वर्षे परिचारिकेची नोकरी केली. आता दोघेही निवृत्त आहोत. एकाचे वय ६९, एकीचे ६६. एकाला मधुमेह, एकीला रक्तदाब आणि गुडघेदुखी. अशा या दोन म्हाताऱ्यांनी गेल्या सप्टेंबरात मोटारहोम घेऊन तीन आठवडे इथल्या राज्य उद्यानांमधून प्रवास केला. त्यात काय पाहिले हे थोडे सांगणार आहोत. पण त्याहून जास्त सांगायचे आहे ते आमच्या हातून झालेल्या चुकांबद्दल, कारण त्या चुका गावच्या लग्नाला निघालेल्या कोणाच्याही हातून होऊ शकतात.

मोटारहोम म्हणजे छोट्या ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेले घर. आमचे २४ फूट लांब आहे, जुनेच विकत घेतलेले. आत एक पलंग, दोन शेगड्यांचा गॅस, छोटा फ्रीज, मोरी आणि कपाटाएवढा संडास-न्हाणी. वस्तीतली आमची खोली साधारण एवढीच होती आणि तिच्यात आम्ही सात जण राहायचो. त्यामुळे जागा कमी पडते असे आम्हाला एकदाही वाटले नाही. ज्वारीचे पीठ सोबत होते. पहिल्याच रात्री पिठल्याला फोडणी दिली, तशी धुराची घंटा वाजू लागली. तेव्हापासून फोडणी बाहेरच्या टेबलावर.

मिशिगनमध्ये राज्य सरकारची शंभराहून अधिक उद्याने आहेत. बाग नव्हे, जंगल, तळी, वाळूच्या टेकड्या. पुष्कळ उद्यानांत गाडी लावून राहण्यासाठी आखलेल्या जागा असतात. प्रत्येक जागेला क्रमांक, लाकडी टेबल, चूल पेटवायला लोखंडी कडे आणि बहुतेक ठिकाणी विजेचा खांब. संडास आणि गरम पाण्याची न्हाणीघरे सामाईक. रात्री १० नंतर गोंगाट करायचा नाही. मुक्कामाला आलेल्यांत आमच्यासारखे निवृत्त लोक खूप दिसतात. शेजारच्या जागेतले एक आजोबा झोपेत श्वास अडकतो म्हणून रात्रभर यंत्र लावून झोपत. विजेचा खांब असेल अशीच जागा ते आधी राखून ठेवत. आजार घरी ठेवून येता येत नाही, तो सोबत येतो. त्याची सोय करून निघायचे असते, हे त्यांना कळले होते. आम्हाला अजून कळायचे होते.

पायाने न सांगितलेली जखम

पहिला मुक्काम लडिंग्टन उद्यानात, मिशिगन सरोवराच्या काठी. सरोवर इतके मोठे की पलीकडचा किनारा दिसत नाही, समुद्रच वाटतो. तिथे १८६७ साली बांधलेले बिग सेबल पॉइंट नावाचे ११२ फूट उंच दीपगृह आहे. मुक्कामाच्या जागेपासून तिथपर्यंत साधारण ३ किलोमीटर वाळूतून चालत जायचे. गेलो, आलो, मजेत होतो. रात्री मोजे काढले तर एकाच्या टाचेला मोठा फोड आलेला, मोज्याला रक्त लागलेले. बुटात वाळू गेली होती आणि त्याला काहीच जाणवले नव्हते.

मधुमेह जुना झाला की पायाच्या नसा बधिर होतात. दुखत नाही, म्हणून माणूस चालत राहतो. छोट्या फोडाची जखम चिघळते आणि काहींवर बोट किंवा पाय कापून टाकण्याची वेळ येते. एकीने तीस वर्षे दुसऱ्यांच्या पायांना पट्ट्या बांधल्या, पण घरच्या माणसाचे पाय शेवटचे कधी पाहिले होते, हे तिला आठवेना. त्या रात्रीपासून रोज झोपण्यापूर्वी तळवे, टाचा, बोटांच्या बेचक्या दिव्याखाली पाहायच्या असे ठरले. ज्याला वाकता येत नाही त्याने तळव्याखाली आरसा धरावा, नाहीतर घरातल्या नातवाला सांगावे. अनवाणी फिरायचे नाही, घरातसुद्धा. बूट-चप्पल घालण्यापूर्वी झटकून घ्यायची. याला पैसा लागत नाही.

न घेतलेली गोळी

पुढे उत्तरेला मॅकिनॉ पूल लागतो. १९५७ साली खुला झालेला हा पूल जवळपास ८ किलोमीटर लांब आहे. वारा जोराचा असला की उंच गाड्यांना तिथे थांबवतात. आम्हालाही अलीकडे बराच वेळ थांबावे लागले. तेव्हा एकीचे पाय सुजलेले दिसले. चौकशी केली तेव्हा कळले, रक्तदाबासाठी तिला जी लघवी जास्त होणारी गोळी आहे, ती प्रवासाच्या दिवशी ती घेतच नव्हती. पाणीही जेमतेम पीत होती.

“अगं, संडास तर आपल्या पाठीमागेच आहे!” एकाने म्हटले.

ती हसली, पण सवय कुठून आली हे दोघांनाही माहीत होते. वस्तीत वीस-पंचवीस घरांना मिळून एक संडास, पहाटेची रांग, अंधारात जायची भीती. आमच्या आया-बहिणी संध्याकाळनंतर पाणीच पीत नसत. चाळीस वर्षे परदेशात राहूनही शरीर ती भीती विसरले नव्हते. लघवी रोखून धरल्याने आणि पाणी कमी प्यायल्याने मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, मूतखडे होतात. रक्तदाबाची गोळी मनाने बंद केली तर दाब वाढतो आणि अर्धांगवायूपर्यंत जाऊ शकते. प्रवासात लघवीची अडचण असेल तर गोळीची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. गोळी बंद करणे हा उपाय नव्हे. दुसरे म्हणजे तासन् तास बसून पायात रक्त साकळते. म्हणून दर दोन तासांनी गाडी थांबवून दहा मिनिटे चालायचे, हा नियम आम्ही त्या दिवशी केला. रेल्वेने जाणाऱ्यांनी डब्यातल्या डब्यात उठून चालावे. उठता येत नसेल तर बसल्या जागी घोटे वर-खाली हलवावेत.

९४ पायऱ्या

खरा धडा मिळाला तो टाक्वामेनॉन धबधब्यावर. देवदारासारख्या झाडांच्या दलदलीतून येणाऱ्या या नदीचे पाणी चहासारखे तपकिरी दिसते आणि जवळपास ५० फुटांवरून खाली कोसळते. अगदी धारेजवळ जायला ९४ पायऱ्या उतराव्या लागतात. उतरल्या तेवढ्या परत चढायच्या.

त्या सकाळी लवकर निघायची घाई होती. एकाने मधुमेहाच्या गोळ्या घेतल्या, त्यात ग्लिमेपिराइड होती. पण न्याहारीला फक्त चहा आणि दोन बिस्किटे. परत येऊन पोटभर जेवू म्हणाला. परतीच्या चढणीवर मध्येच तो कठड्याला धरून उभा राहिला आणि उगाच चिडू लागला. “तूच जा पुढे. सगळं तुझ्याच मनासारखं झालं पाहिजे!” एकीलाही राग आला. लोकांसमोर हे काय, असे वाटून ती दहा पायऱ्या पुढे निघून गेली. मागे वळून पाहिले तर हवेत गारवा असताना त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता. हात थरथरत होते. नाव घेऊन हाक मारली तर तो अनोळखी माणसाकडे पाहावे तसा पाहत राहिला.

रक्तातली साखर उतरली होती. साखर मोजायचे यंत्र गाडीत. साखरेची पुडी गाडीत. फोनला रेंज नाही. जवळचे मोठे गाव न्यूबेरी, तेही सुमारे ४० किलोमीटर दूर. तीस वर्षांची परिचारिका त्या पायऱ्यांवर रिकाम्या हाताने उभी होती.

मागून चढणाऱ्या एका वृद्ध बाईने नातवासाठी आणलेला सफरचंदाच्या रसाचा छोटा खोका पुढे केला. तो पायरीवर बसला आणि हळूहळू रस प्यायला. पंधरा मिनिटांत नजर ओळखीची झाली. “काय झालं होतं?” त्याने विचारले. मघाचे भांडण त्याला आठवतही नव्हते. गाडीत येऊन साखर मोजली तर ६४. म्हणजे रस प्यायच्या आधी किती खाली गेली असेल! पुन्हा तीन चमचे साखर पाण्यात दिली. पंधरा मिनिटांनी ९८. मग भाकरी-भाजी खाऊ घातली. या प्रकारच्या गोळीचा परिणाम बराच वेळ टिकतो आणि साखर पुन्हा उतरू शकते. म्हणून त्या दिवशी आम्ही कुठेही गेलो नाही, दर दोन तासांनी साखर मोजत राहिलो. दुसऱ्या दिवशी न्यूबेरीला जाऊन डॉक्टरांशी फोनवर बोललो. त्यांनी गोळीचा डोस कमी केला.

वाचकहो, हे नीट लक्षात ठेवा. इन्सुलिन किंवा अशा गोळ्या घेणाऱ्या माणसाला अचानक घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात गोंधळ किंवा कारण नसताना चिडचिड दिसली तर आधी साखर उतरल्याची शंका घ्या. साखर ७० च्या खाली असेल तर उपचार हवाच. यंत्र नसेल तर मोजण्यासाठी थांबू नका. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या, पंधरा मिनिटे थांबा, बरे वाटले नाही तर पुन्हा द्या. मग जेवू घाला. बर्फी किंवा चॉकलेटवर भागवू नका, त्यातल्या स्निग्धपणामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी, साखर काहीही घालू नका. कुशीवर झोपवा आणि रुग्णवाहिका बोलवा. इथे त्यासाठी ९११ आहे, महाराष्ट्रात १०८. “दारू प्यायलाय”, “अंगात आलंय”, “स्वभावच तसा आहे” असे म्हणण्यात वेळ गेला तर जीव जाऊ शकतो.

आपली घाण आपण

मोटारहोमच्या संडासाची टाकी दर तीन-चार दिवसांनी रिकामी करावी लागते. उद्यानात त्यासाठी जागा ठरलेली असते. तिथे रांगेत कोण नव्हते? निवृत्त शिक्षक, ट्रकचालक, लाखोंची गाडी असलेले व्यापारी. प्रत्येकजण स्वतः हातमोजे घालतो, जाड नळी लावतो, टाकी सोडतो, जागा धुतो, साबणाने हात धुतो. या कामासाठी कोणत्याही जातीत जन्मलेला माणूस बोलावला जात नाही. त्या रांगेत उभे असताना आम्ही बराच वेळ गप्प होतो. आपल्याकडे हाताने मैला उचलण्याच्या कामाला माणूस लावण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरीही गटारात उतरलेली आपली माणसे विषारी वायूने मरतात. नळी आणि हातमोजे ही काही फार मोठी विद्या नाही.

विषारी वायूवरून आणखी एक गोष्ट. मोटारहोममध्ये कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र असते, कारण थंडीत लोक बंद गाडीत शेगडी लावतात. या वायूला वास नाही, रंग नाही. डोके दुखते, मळमळते, झोप येते आणि माणूस उठतच नाही. आपल्याकडे थंडीत बंद खोलीत पेटवलेली कोळशाची शेगडी आणि खिडकी नसलेल्या न्हाणीतला गॅस गीझर हेच करतो. खिडकी उघडी ठेवा, झोपताना शेगडी बाहेर काढा.

बटवा

धबधब्यावरच्या त्या रात्री एकीने जुन्या कापडाचा एक बटवा शिवला. त्यात साखरेच्या चार पुड्या, साखर मोजायचे यंत्र, दोन दिवसांच्या गोळ्या आणि एक कागद. कागदावर आजार, गोळ्यांची नावे, कोणती किती वाजता आणि मुलाचा फोन नंबर. बाकीची औषधे दुसऱ्या पिशवीत, म्हणजे एक पिशवी हरवली तरी अडायला नको. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते उन्हातल्या गाडीत ठेवू नये आणि बर्फाला चिकटूनही ठेवू नये, दोन्हींनी ते खराब होते. गोळी घेतली की जेवण टाळायचे नाही, हा नियम सगळ्यांत वर.

त्यानंतर आम्ही किचिटीकिपी नावाच्या झऱ्यावर गेलो. सुमारे ४० फूट खोल असलेला हा झरा तळापर्यंत स्वच्छ दिसतो. दोरखंडाला बांधलेला तराफा लोक स्वतः चाक फिरवून पाण्यावरून नेतात. एकाने चाक फिरवले, एकीने खाली पोहणारे मोठे मासे पाहिले. शेवटी पॉर्क्युपाइन डोंगरातले मेघसरोवर पाहून परतलो. चाललो रोज, पण पोटभर न्याहारी करून.

अशी सहल सर्वांना परवडणारी नाही, तरुणपणी आम्हालाही परवडली नसती. पण तो बटवा शिवायला चार आण्यांचे कापड पुरते. बहिणीच्या घरी जा, नागपूर-मुंबई रेल्वेने जा, नाहीतर नुसते बाजाराला जा. घरातल्या मधुमेही माणसाच्या खिशात साखरेची पुडी आहे का, हे निघताना विचारा. आमच्या दारामागच्या खिळ्याला तो बटवा अजून टांगलेला आहे. पायात चप्पल घालण्याआधी हात तिकडे जातो.