टोकदार गोळी सरळ कशी जाते?

टोकदार गोळीचं टोक हवेत पुढे राहायला मुळीच राजी नसतं. हवेचा रेटा एकवटतो टोकाच्या बाजूला, तर गुरुत्वमध्य मागच्या जाड भागात. टोक जरासं कलंडलं की हवा ते आणखी कलंडवते. बाणाला शेपटाची पिसं सावरतात. गोळीला सावरतं ते तिचं गरगरणं. नळीतल्या मळसूत्री खाचा तिला भोवऱ्यासारखी फिरवूनच बाहेर सोडतात.

जुन्या बंदुकीच्या गोल गोळीला उलटण्याची भीती नव्हती, तिचं दुखणं वेगळं होतं. गुळगुळीत नळीत ती कुठेतरी घासायची आणि वाटेल तशी फिरत निघायची. अठराव्या शतकात इंग्रज गणितज्ञ बेंजामिन रॉबिन्स यांनी एका बंदुकीची नळी मुद्दाम डावीकडे वाकवली. गोळी आधी डावीकडे गेली आणि मग हवेतच उजवीकडे वळली! फिरत्या गोळ्याला हवा बाजूने ढकलते, हे त्यातून दिसलं. या परिणामाला नाव मात्र पुढे मॅग्नस या शास्त्रज्ञाचं मिळालं.

गोळी लांबट झाली तशी ती हवा कापू लागली, पण तिला उलटवणारी तरफही लांबली. इंग्लंडमधल्या वुलिचचे गणिताचे प्राध्यापक ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये तिला सावरणाऱ्या खाचांचं सूत्र मांडलं: व्यास तोच ठेवून लांबी दुप्पट केली, तर खाचांचा एक वेढा निम्म्या अंतरात पुरा व्हायला हवा. १८९८ च्या फ्रेंच ‘बाल डी’ गोळीची शेपटीही निमुळती होती. तिने मागून ओढणारी हवा कमी होते, पण स्थैर्यही थोडं घटतं. फुकट काहीच मिळत नाही.

सगळ्यात चतुर, आणि खरं तर क्रूर, नमुना १९१० च्या ब्रिटिश .३०३ मार्क ७ गोळीचा. मार्क ७ च्या टोकात शिशाऐवजी हलकं ॲल्युमिनियम असे, म्हणून गुरुत्वमध्य आणखी मागे सरके. नळीत दर १० इंचांना एक वेढा आणि वेग सेकंदाला सुमारे २,४४० फूट, म्हणजे सेकंदाला २,९०० हून जास्त फेरे. हवेत तेवढे पुरत. शरीर हवेपेक्षा कितीतरी पट दाट; तिथे तेच फेरे अपुरे पडत आणि गोळी आत शिरताच आडवी होई.